कप्पा सात, थर तिसरा

३ जून

प्रिय गुंड्या,

अनेक आशीर्वाद. ताई फोन का करत नाही म्हणून तोंड फुगवून बसू नकोस. डाव्या कानाने केव्हाच राजीनामा दिला होता, आता उजव्यानेही दिला. फोनवर मी नुसती "हो हो" करते आणि पलीकडचा विचारतो, "अहो, पण कधी?" त्यापेक्षा पत्र बरं. घरी कुणी आलं तर मी पाटी-पेन्सिल पुढे ठेवते. म्हातारपणी पहिलीत बसल्यासारखं वाटतं.

काल जावई येऊन गेले. माझ्या ठकूला जाऊन साडेतीन महिने झाले, इकडे यायचा धीर त्यांना आत्ता झाला. तिची शाल आणि चष्मा घेऊन आले होते. चहा झाल्यावर त्यांनी पाटी ओढून घेतली आणि लिहिलं, "तिने तुमच्यासाठी पत्र लिहिलं होतं. शेवटचे पाच-सहा दिवस थोडं थोडं लिहायची. निळं पाकीट. उशाशी कापडी पिशवीत ठेवायची."

मी विचारलं, मग कुठाय ते? तर म्हणे, "सापडलं नाही. मी दाखल्यासाठी कचेरीत गेलो होतो, त्या दिवशी खोली आवरली गेली. कचऱ्यात गेलं असणार."

ती पाटी मी अजून पुसलेली नाही, गुंड्या. ती आयाबाई होती ना रात्रंदिवस, तिचंच काम हे. सगळं उचललं आणि दिलं टाकून. माणूस गेलं की माणसं इतकी घाई का करतात?

आता तुला पत्र कशासाठी, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. ठकू तुझ्या गावात राहत होती आणि त्या गावचा सगळा कचरा तुझ्या हाताखालून जातो. अख्ख्या डेपोचा तू राजा. माझं एवढं एक पाकीट शोधून दे.

तुझी,
ताई


९ जून

ती. ताईस,

नमस्कार. पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

पण आधी एक सांगतो. डेपो म्हणू नकोस गं. डेपो म्हणजे उघड्यावर ढीग, कुत्री आणि धूर. आमची शास्त्रोक्त भरावभूमी आहे. तळाला चिकणमाती, तिच्यावर जाड प्लास्टिकचा पडदा, म्हणजे कचऱ्याचं काळं पाणी खाली विहिरींपर्यंत उतरत नाही. ते पाणी नळांनी वेगळं काढतो, आतला वायू वेगळ्या नळ्यांनी. गाडी आली की आधी वजनकाटा, मग शेड. शेडमध्ये बायका कागद, काच, पत्रा वेगळा करतात आणि उरलेलं कप्प्यात, म्हणजे त्या पडद्यावरच्या खड्ड्यात, जातं. त्यावर रोलर फिरतो आणि संध्याकाळी सहा इंच माती. गेल्या अकरा वर्षांत एकही संध्याकाळ मी कचरा उघडा ठेवून घरी गेलेलो नाही.

हे सगळं अशासाठी सांगतोय की रोलरखाली गेलेलं पाकीट पाकीट राहत नाही. महिन्याभरात कागदाचा लगदा होतो. आणि एकदा माती घातलेला कप्पा उघडायचा नाही, हा इथला पहिला नियम. दोन वर्षांपूर्वी आमच्या रोलरवाल्याने तांब्याच्या तारेसाठी गुपचूप बंद कप्पा खणला होता. आतल्या वायूने जागच्या जागी कोसळला. जगला, पण पहिल्यासारखा राहिला नाही.

सबब, शोधण्यात अर्थ नाही. कुठली पिशवी कुठल्या गाडीतून आली आणि कुठे गेली, कोण सांगणार? जाऊ दे ताई. तिच्या आठवणी आपल्याजवळ आहेतच.

औषधं वेळेवर घे.

तुझा,
गुंड्या


१५ जून

प्रिय गुंड्या,

"सबब, शोधण्यात अर्थ नाही." अरे मेल्या, बहिणीला पत्र लिहितोयस की साहेबाला अर्ज? हे "सबब" तुझ्या तोंडात पंधराव्या वर्षी बसलं ते अजून निघायला तयार नाही.

आणि कोण सांगणार म्हणून मला विचारतोस? विसरलास वाटतं. माझ्या पन्नाशीला आला होतास तेव्हा जेवताना सगळ्यांना पिडलंस. आमच्याकडे रजिस्टर असतं, कप्प्याचे चौकोन पाडलेले असतात, रोज कुठल्या चौकोनात काय गेलं त्याची नोंद होते. "तारीख सांगा, तुमचा कचरा कुठे आहे ते सांगतो!" ठकू हसून म्हणाली होती, "मामा, मेल्यावरही तुम्ही माणसाला हिशेबातून सोडणार नाही." तारीख मी सांगते. जावई कचेरीत गेले तो दिवस, चोवीस फेब्रुवारी. आता तू जागा सांग.

तू टाळतोयस. का, ते मला कळत नाही.

मग मीही एक सांगते, जे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सगळ्यांना वाटतं की आमच्या मायलेकींचं काहीतरी बिनसलं आणि मी अडून बसले. काय बिनसलं ते ऐक. तिने औषधाचा तिसरा फेरा घ्यायला नकार दिला. "आई, पुरे झालं. आता मला घरी राहायचंय," म्हणाली. मी खूप समजावलं. मग रडले. आणि मग म्हणाले, "मरायचंच ठरवलं असशील तर मर. मला बोलावू नकोस."

जिभेला हाड नसतं रे. सख्ख्या आईची जीभ ही.

तिने माझा शब्द पाळला. मला बोलावलं नाही. तुझा निरोप आला तेव्हा सगळं संपलेलं होतं.

त्या पाकिटात तिने काय लिहिलं होतं एवढंच मला हवंय. शिव्या दिल्या असतील तर त्याही चालतील. पण मला माफ केलं की नाही, हे कळल्याशिवाय मी उठू कशी आणि जेवू कशी? लगदा झाला असेल तर लगदा आण. दोन अक्षरं तरी लागतील.

ताई


२ जुलै

ती. ताईस,

नमस्कार. उशीर झाला, पण कारण चांगलं आहे. पाकीट सापडलं.

तू म्हणालीस तसं रजिस्टर काढलं. जागा मिळाली. वरिष्ठांची परवानगी घेऊन, सगळी काळजी घेऊन तेवढाच भाग उघडला. पिशवी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली होती म्हणून कागद टिकला. पण घाणीने इतका माखलेला आहे की पोस्टातून पाठवण्यासारखा नाही, तुझ्या तब्येतीला बरं नाही. म्हणून मी स्वतः बसून जसाच्या तसा उतरवून काढलाय. सोबत आहे.

वाच आणि आता मन शांत कर.

तुझा,
गुंड्या

(सोबतचा कागद)

प्रिय आई,

मी तुझ्यावर अजिबात रागावलेली नाही. तू जे बोललीस ते मायेपोटी बोललीस हे मला ठाऊक आहे. मीच तुला खूप त्रास दिला, त्याबद्दल मला माफ कर. तू जवळ नाहीस, पण तुझा हात माझ्या डोक्यावर आहे असंच मला वाटतं. इथे सर्व जण माझी उत्तम काळजी घेतात, सबब तू काळजी करू नकोस. स्वतःला जप.

तुझी,
ठकू


८ जुलै

गुंड्या,

पहिल्यांदा वाचलं तेव्हा रडले. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा आणखी रडले. तिसऱ्यांदा चष्मा पुसून वाचलं.

माझ्या पोरीने जन्मात कधी "सबब" लिहिलं नाही.

ती तीन ओळींत दोनदा भांडल्याशिवाय पत्र संपवत नसे. शाळेच्या सहलीवरून पाठवलेलं कार्डसुद्धा "तू दिलेला डबा गळका होता" इथून सुरू झालं होतं. आणि माफ कर? मी? ती? आमच्या दोघींच्या घराण्यात हा शब्दच नव्हता. तो असता तर आज ही वेळ आली असती का?

आणि तू कप्पा उघडलास म्हणे. एका संध्याकाळची माती चुकली तर ज्याला जेवण जात नाही तो तू. खोटं बोलायलाही अंगात कसब लागतं, ते तुझ्यात कधीच नव्हतं. लहानपणी बरणी फोडलीस तेव्हा मी विचारायच्या आधीच "मांजराने फोडली" म्हणून मोकळा झाला होतास.

मी चिडलेले नाही. म्हणजे चिडले होते, कागद चुरगळून टाकला होता. मग परत उचलून सरळ केला. माझ्यासाठी एवढं करणारा आता तूच उरलायस.

आता साखर पेरू नकोस. मला दोन गोष्टी खऱ्या खऱ्या सांग. ती पिशवी कुठे आहे ते तुला ठाऊक आहे का? आणि तू शेवटपर्यंत तिच्याजवळ होतास, ती मला कधी विचारायची का?

ताई


१४ जुलै

ताई,

ठाऊक आहे. पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. कप्पा सात, थर तिसरा, चौकोन क-बारा.

आयाबाईने नाही टाकली. मी टाकली.

त्या दिवशी जावई कचेरीत गेले होते. ते परत यायच्या आत ती खोली रिकामी दिसावी असं मला वाटलं. पट्ट्या, सुया, औषधाच्या बाटल्या, तो वास. मी रोज हेच काम करतो, म्हटलं आपणच करू. आमच्याकडे एक नियम आहे आणि तो मीच केलेला आहे. घरातल्या आजाऱ्याच्या उशापायथ्याचं जे काही असेल ते न उघडता लाल खुणेच्या जाड पिशवीत घालायचं, गाठ मारायची. ती पिशवी शेडमध्ये बायकांकडे जात नाही, सरळ कप्प्यात जाते आणि तिच्यावर लगेच माती पडते. शेडमधल्या एका बाईच्या बोटात अशाच पिशवीतली सुई घुसली होती, तेव्हापासून हे सुरू केलं. नियम चांगला आहे. दुसऱ्या गावचे लोक तो बघायला येतात.

उशाशी कापडी पिशवी होती. तिच्या तोंडाशी वापरलेल्या पट्ट्या होत्या. मी आत हात घातला नाही. एकदा जरी हात घातला असता! गाठ मारली, गाडीत ठेवली, स्वतः कप्प्यावर घेऊन गेलो. रोलर फिरला, माती पडली. रजिस्टरमध्ये लिहिलं, "आजारी खोलीतला कचरा, पिशव्या सहा." त्याखाली सही माझी.

तुझं तीन जूनचं पत्र वाचलं आणि मी खुर्चीतच बसून राहिलो. तू बिचाऱ्या आयाबाईला दोष दिलास आणि मी तो देऊ दिला. लगदा, नियम, वायू, सगळं खरं होतं ताई, पण ते मी आड उभं केलं होतं. रोज पाहणीला जातो तेव्हा क-बारावरून पाय टाकावा लागतो. वळसा घालतो. माणसं बघतात.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. या वेळी माझं एकही अक्षर त्यात घालत नाही.

जायच्या तीन दिवस आधी मी विचारलं, "आईला कळवू का?" ती म्हणाली, "नको. आली की मला उचलून परत दवाखान्यात नेईल." मग डोळे मिटून पडली. मला वाटलं झोपली. थोड्या वेळाने म्हणाली, "मामा, बाहेरच्या दाराला कडी लावू नका. आलीच तर तिला आतली ओ ऐकू येत नाही, कडी काढलेली कळत नाही, उगाच उभी राहील."

तीन दिवस कडी लावली नाही. तुला तेव्हाच कळवायला हवं होतं. तिने नको म्हटलं आणि मी तेवढंच धरून बसलो. मला ऐकलेलं पाळता येतं, दुसरं काही येत नाही.

कप्पा सात भरलाय. वीस ऑक्टोबरला तो कायमचा बंद होणार. त्याआधी तू "हो" म्हण. परवानगी कुणी देणार नाही, मी मागणारही नाही. स्वतः खणीन. नोकरी गेली तर जाऊ दे. वर आणखी दोन थर चढलेत, पण जागा मला हातभराच्या फरकाने माहीत आहे.

तू सांगशील तसं.

गुंड्या


२८ जुलै

ती. ताईस,

पत्र पोचलं असेल ना? वाट पाहतोय.

गुंड्या


३० ऑगस्ट

ती. ताईस,

शिव्या घाल, पण लिही. जावयांकडून कळलं की तुझी तब्येत ठीक आहे. त्याच्यावरच समाधान मानतोय. रोलरवाल्याला सोडून दुसऱ्या एका माणसाशी खणायचं बोलून ठेवलंय. तो तयार आहे. तू फक्त हो म्हण.

गुंड्या


४ ऑक्टोबर

प्रिय गुंड्या,

अडीच महिने तुला लिहिलं नाही. पहिला महिना तर तुझं नाव काढलं तरी अंगाची आग व्हायची. "हात घातला नाही! हात घातला नाही!" म्हणत घरभर फिरायचे. तुझा तो नियम, तुझी ती गाठ, सगळ्याला शिव्या घातल्या. आरशातल्या बाईलाही सोडलं नाही. तिच्या जिभेने आधी दार लावलं, तुझ्या हातांनी नंतर.

मग मागच्या आठवड्यात उठले आणि बस धरून तुझ्या भरावभूमीवर आले. होय, आले. तुला सांगितलं असतं तर तू माती झाडून घेतली असतीस.

फाटकाशी पाटी काढून सांगितलं, बघायला आलेय. काट्यावरच्या बाईने वहीत नाव लिहून घेतलं. शेजारी स्टुलावर एक माणूस सुरक्षेच्या टोप्या द्यायला बसलेला होता. मला टोपी दिली, पण तिचा पट्टा त्याच्याने लागेना. हात थरथरत होते. मीच लावला. म्हटलं, काय झालं तुमच्या हातांना? त्याने पाटी घेतली आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, "बंद कप्पा खणला होता." तेव्हा ओळखलं, हा तुझा रोलरवाला. तूच त्याला तिथे बसवलंस, असंही त्याने लिहिलं. मी विचारलं, मग काय सापडलं आत? त्याने बराच वेळ घेऊन लिहिलं, "तार. हातभर."

हातभर तारेसाठी अख्खा माणूस कामातून गेला रे. आणि मी तुला एका पाकिटासाठी आत उतरायला लावत होते.

मग काट्यावरच्या बाईने बोटाने दाखवलं. तू दूर वर कप्प्यावर उभा होतास. खाली बघत. सगळी माणसं पुढे निघून गेली तरी तू तिथेच. तुझे केस इतके पांढरे कधी झाले? मी हाक मारली नाही. मला वाटलं, पोरगी एकटी नाही तर.

नको उघडूस. मी "हो" म्हणणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला खणायला लावलंस तर माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस. बघ, परत तीच जीभ! दारात पाऊल ठेव. खणू मात्र नकोस.

माफ केलं होतं का, ते मला कधीच कळणार नाही. ते घेऊनच आता राहायचं. पण कडीचं तू लिहिलंस ना, ते मी रोज झोपायच्या आधी वाचते. माझी कानाची तक्रार तिला किती बारीक माहीत होती!

सोबत एक बंद पाकीट आहे. ठकूला उत्तर लिहिलंय. तिचं न वाचताच लिहिलंय, त्यामुळे थोडं भांडण आहे, थोडं दुसरं. कप्पा बंद करायच्या आधी तिच्या चौकोनावर ठेव. आणि तुझा तो नियम पाळ. उघडू नकोस.

तुझी,
ताई


२१ ऑक्टोबर

ती. ताईस,

काम झालं.

काल सकाळी चिकणमातीचा शेवटचा थर पसरायच्या आधी रोलर थांबवला. मोजफीत लावून क-बारा नीट मोजून घेतला. माणसं टोप्या काढून उभी राहिली, मी सांगितलं नव्हतं. तुझं पाकीट प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलं, वर माती हाताने लोटली. मग रडलो. सगळ्यांसमोर रडलो, आणि रोलरवाला खालून कसाबसा चढून आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला.

आता वरून पडदा, मग दोन फूट माती, मग गवत. झाड लावायचं नाही, मुळं पडदा फाडतात. बंद केलेल्या कप्प्यावर तीस वर्षं नजर ठेवावी लागते. पाणी तपासायचं, वायू तपासायचा, माती खचली तर भरायची. तेवढी वर्षं मी असणार नाही. पण वहीत जागा लिहिलेली आहे, माझ्या मागून येणारा माणूस बघेल.

पुढच्या खेपेला लपून येऊ नकोस. मी स्वतः तुला वर घेऊन जाईन. चढ आहे, पण सावकाश चढू.

उघडलं नाही गं. शप्पथ. हातात घेऊन खूप वेळ बसलो होतो, पण नाही उघडलं.

संध्याकाळी रजिस्टर घेतलं. कालच्या पानावर लिहिलं, "कप्पा सात, चौकोन क-बारा. पत्र, एक. न उघडलेलं. लेकीसाठी."

मग पानं मागे उलटत चोवीस फेब्रुवारीवर गेलो. अकरा वर्षांत या वहीत मी एकही खाडाखोड केलेली नाही. "आजारी खोलीतला कचरा, पिशव्या सहा" यातल्या सहावर रेघ मारून पाच केलं, शेजारी सही केली, आणि खाली लिहिलं, "पत्र, एक. न उघडलेलं. आईसाठी."

तुझा,
गुंड्या